राबाची आग आणि भैरूची टाचणी

"बघा! डोळं फाडून बघा! ही टाचणी न्हाई, ही साक्ष हाय साक्ष!"

भैरू महाराजांनी टाचणी उंच धरली तशा मंडपातल्या सगळ्या माना वर झाल्या. उरवड्याच्या कारखान्यातून पाळी सुटून आलेली पोरं होती, नेऱ्याकडून गाड्या काढून आलेली मंडळी होती, पौडला बाजाराला म्हणून निघालेल्या आणि इथंच उतरलेल्या बायका होत्या. मधोमध लाल खुर्चीत प्राजक्ता बसली होती. तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत राखेच्या लेपानं माखलेला. महाराजांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि टाचणी तिच्या हातात खुपसली. चांगली अर्धी आत गेली.

प्राजक्ता हलली नाही.

"दुखलं का गं, पोरी?"

"न्हाई."

"मोठ्यानं सांग, मागं ऐकू जाऊ दे."

"न्हाई दुखलं."

मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या, जयजयकार. एक गृहस्थ तर हुंदके देऊन रडले. महाराजांचा सगळा कारभार पाहणारा शेखर मोबाइल नाचवत पुढं झाला आणि त्यानं त्या टाचणीचं दर्शन साऱ्या जगाला घडवलं. भाजलेल्या हातात टाचणी जाते आणि माणूस हूं की चूं करत नाही, म्हणजे आग उतरली. आणखी पुरावा कसला हवा?

"आग गेली आभाळात, दाह गेला पाताळात, भैरूची किरपा ऱ्हायली घरात!" महाराज गरजले. हे काव्य त्यांचं स्वतःचं, आणि तसं ते वाटतही होतं.

मंडपाच्या कडेला बाळाबाई धापा टाकत उभी होती. प्राजक्ता तिची सून. डोंगरावरच्या वाडीतून करवंदं घेऊन ती पहाटेच पौडच्या स्टँडवर विकायला गेली होती. तिथं कुणीतरी सांगितलं, तुझी सून राब भाजताना पेटली, तिला भैरूकडं नेलीय. पाटी तिथंच टाकून ती मिळेल त्या गाडीनं आली होती. बाळाबाईचं तोंड अख्ख्या वाडीत प्रसिद्ध. देवालाही ती अरे-तुरे करायची, मग भैरूचा काय पाड?

भैरूला तर ती तो महाराज व्हायच्या आधीपासून ओळखत होती. लग्नाच्या मंडपात आचाऱ्यांच्या हाताखाली तो भट्ट्या पेटवायचा. उघड्या हातानं निखारे सारून सारून त्याच्या तळव्याची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती. त्याच कातडीवर त्यानं महाराजपण उभारलं. राखेनं माखलेला निखारा या हातातून त्या हातात नाचवत ठेवायचा, एका जागी टेकू द्यायचा नाही. एवढं केलं की भाजत नाही, आणि हलगी वाजत असली की त्याला चमत्कार म्हणतात.

"आमी रोज चुलीतला निखारा हातानं मागं सारतो," बाळाबाई शेजारणीला म्हणाली, "आमाला न्हाई कोण महाराज म्हनत."

शेजारीण दोन पावलं लांब सरकली. पाप लागायला नको.

झालं होतं ते असं. भिवाजीरावांच्या भातखाचरात सकाळी राब भाजायचं काम चाललं होतं. रोपासाठी वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून तो पेटवतात. मुळशीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. प्राजक्ता तिथं मजुरीला. वारा फिरला आणि ज्वाळेनं तिच्या नायलॉनच्या साडीचा पदर धरला, तिथून ब्लाउजची बाही. ती विझवायला तिचा नवरा कैलास धावला. बांधापलीकडं पाटाला पाणी होतं. त्यानं घमेलं भरून आणलंही होतं. पण भिवाजीरावांची बायको चंद्राबाई आडवी झाली. "पाणी नगं कैलास! राबाच्या आगीवर पाणी पडलं की रोप पिवळं पडतं. महाराजांनी सांगितलंय." मग गोधडीत गुंडाळून आग विझवली आणि पोरीला तशीच, हातातल्या आगीसकट, भैरूच्या पायाशी आणून टाकली.

आता ही पाण्याची रीत कुठली? तर भैरूचीच. तीन वर्षांपूर्वी त्यानं ती काढली, आणि घंटा वाजवून सांगितल्यामुळं ती बघता बघता तीनशे वर्षांची झाली. म्हातारी माणसंसुद्धा म्हणू लागली, व्हय व्हय, आमच्या आज्याच्या काळापासून हाय. खोटं बोलायला पैसे पडत नाहीत आणि गर्दीत तर ते आपसूक निघतं.

बाळाबाई वाट काढत खुर्चीपाशी पोचली आणि तिनं सुनेचा हात पाहिला. मनगट टम्म सुजलं होतं. हिरव्या काचेच्या बांगड्या मांसात रुतून बसल्या होत्या. त्याखाली पंजा पांढराफटक, नखं काळसर निळी. तिनं बोटांना हात लावला. ती गार होती.

"पोरी, बोटं हलव."

"हलवतेय आत्या," प्राजक्ता म्हणाली. तिचा आवाज घाबरा झाला होता. "पण कुटं हायेत त्येच कळंना."

"आन बांगड्या का न्हाई काढल्या रे?" बाळाबाई लेकावर कडाडली.

कैलासनं महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी भक्तांकडं पाहिलं. "सवाशिणीच्या हातच्या बांगड्या काढायच्या? ऐका मंडळी! अगं बाई, हातातली आग निघाली ती बांगडीपाशी अडकलीय. बांगडी फुटली की ती कुंकवावर जाईल. तुझ्याच लेकावर! चालंल?"

"आई, गप ना," कैलास रडकुंडीला आला. "तिला दुखत न्हाई आता. शेतावर कोपराला लई आग आग हुती, हितं लेप लावला आन गारच पडलं. तू सोता बघितलंस, टाचणी टोचली तरी..."

"बघितलं की. दे रं हिकडं."

कुणाला काही कळायच्या आत बाळाबाईनं भैरूच्या ताटातली दुसरी टाचणी उचलली आणि त्याच्या पोटरीत घातली. मोबाइल चालूच होता. महाराजांनी आईच्या नावानं जी बोंब ठोकली ती आभाळातही पोचली असेल आणि पाताळातही.

"महाराजांची आग उतरायची ऱ्हायली वाटतं," बाळाबाई म्हणाली. "ह्याच्या पायाला ढेकूण चावल्याएवढं कळतंय, आन माज्या सुनेच्या भाजलेल्या हाताला कळंना. कळंना, म्हंजे बरं हाय का वाईट हाय? जित्या अंगाला दुखतं रं! न दुखायला ती काय लाकडाची हाय?"

पोरं फिदीफिदी हसली. शेखरनं घाईघाईनं मोबाइल पालथा केला. दोघं-तिघं भक्त बाळाबाईच्या अंगावर धावून आले, पण मध्ये चंद्राबाईचा मुलगा अमोल पडला. तो हिंजवडीला कामाला होता आणि आईच्या धाकानं इतका वेळ कडेला दात ओठ खात उभा होता. "मी गाडी काढतो," तो म्हणाला. "काकी, हिला धरा. कैलास, तू येतोयस का इथंच आरती करणार आहेस?"

चंद्राबाईही मागच्या सीटवर येऊन बसली. आपल्या शेतावर झालेली गोष्ट, बाहेर बोभाटा नको, एवढाच तिचा हिशेब.

*

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर रेश्मा वयानं लहान आणि रागानं मोठ्या. त्यांनी हात पाहिला, वास घेतला आणि विचारलं, "हा लेप कुणी लावला?"

"महाराजांनी. लई थंड हाय," कैलास म्हणाला.

"थंड असणारच. पुदिन्याचा अर्क घातलाय यात. खोकल्याच्या गोळीनं घसा थंड वाटतो ना, तसं. वाटतं थंड, आतली कातडी गरमच राहते." त्यांनी नळ सोडला आणि हात पाण्याखाली धरला. "हेच शेतावर वीस मिनिटं केलं असतं तर आग आत उतरली नसती. साधं वाहतं पाणी. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही."

चंद्राबाई भिंतीकडं बघू लागली.

राख धुतली गेली आणि खालची कातडी दिसली. कोपराजवळ लालभडक, फोड आलेली. त्याखाली मनगटापर्यंत सगळ्या बाजूंनी पांढुरकी, कोरडी, वाळल्या चामड्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी हाताचे फोटो काढले, टॅबवरच्या माणसाच्या चित्रात भाजलेला भाग बोटानं रंगवला. अंग शंभर भाग धरलं तर किती भाग भाजलं ते त्या यंत्रानं आपलं आपण काढून दाखवलं.

"चित्रं कसली रंगवताय, म्याडम?" कैलास चिडला. "हात बघा की तिचा!"

"तेच करतेय. पुण्याच्या जळीत विभागाला फोनवर 'बरंच भाजलंय' असं सांगून भागत नाही. कुणाचं बरंच, किती बरंच? हे चित्र आणि फोटो आत्ता या क्षणी तिथल्या डॉक्टरांच्या समोर आहेत. इथं कातडीचे डॉक्टर नाहीत, पण त्यांचे डोळे आहेत."

तेवढ्यात टॅबवर त्या आल्याच. डॉक्टर आशालता, केस पिकलेल्या, बोलणं तुटक. "रेश्मा, सुईनं तपास. मला हात दिसू दे."

रेश्माबाईंनी नवी सुई काढली. कैलास चमकला. इथंही टाचणी? सुई कोपराजवळच्या लाल भागाला लागली मात्र, प्राजक्ता किंचाळली. मग सुई खाली पांढऱ्या कातडीवर गेली. एकदा, दोनदा, तीनदा. प्राजक्ता नुसती बघत राहिली.

"आता सांगा," रेश्माबाई कैलासला म्हणाल्या, "जास्त भाजलंय कुठं?"

कैलासनं कोपर दाखवलं. "हितं. हितं दुखतंय ना."

"उलटं आहे. दुखतं तिथं कातडी जिवंत आहे. दुखणं कळवणाऱ्या बारीक तारा कातडीतच असतात. खालच्या भागात आग इतकी खोल गेली की त्या ताराच जळाल्या. तार तुटल्यावर घंटा वाजेल का? तुमच्या महाराजानं आग काढली नाही. काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तिथं त्यानं टाचणी टोचली. सगळ्यात वाईट भाजलेली जागा त्याला बरोबर सापडते. तिथं टोचायचं, आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या!"

कैलासचा चेहरा पडला. सकाळपासून ज्या गोष्टीनं त्याला धीर आला होता तीच सगळ्यात भयंकर निघाली. "मी... मी नारळ फोडला वो," तो पुटपुटला. "दुखायचं थांबलं म्हनून."

"आन थोडकं भाजल्याले बरं हुत्यात त्येचं काय?" चंद्राबाईनं विचारलं. तिला अजून एक वाट हवी होती. "माज्या हाताव तेल उडालं हुतं, त्यांनी फुंकर घातली, पंधरा दिवसांत डागबी ऱ्हायला न्हाई."

"नसती घातली तरी पंधरा दिवसांतच बरं झालं असतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि तुम्ही कावळ्याची पूजा मांडलीत."

"रेश्मा, बोटं बघ," टॅबवरून आवाज आला. "त्या जळक्या कातडीचा पट्टा आवळतोय, त्यात या बांगड्या. रक्त खाली जात नाहीये. आधी बांगड्या काढ."

बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला होता, त्यावर नुसत्या रेघा होत्या, आकडा येत नव्हता. रेश्माबाईंनी पक्कड आणि कापड घेतलं. पण प्राजक्तानं हात छातीशी ओढला. "नगं. बांगड्या फोडू नगा. ह्यांना काय झालं तर?"

आणि कैलास, ज्याच्या जिवासाठी हे चाललं होतं, तो बांगड्यांकडं बघत दोन पावलं मागं सरला. चंद्राबाई कुजबुजली, "बाळाबाई, लेक जिता असताना... अवलक्षण हाय गं."

रेश्माबाई जबरदस्ती करू शकत होत्या, पण त्यांनी बाळाबाईकडं पाहिलं. बाळाबाई स्वतः विधवा. स्वतःच्या बांगड्या कशा फुटल्या ते तिला नीट आठवत होतं. त्या फुटल्या तेव्हा माणूस गेलेला होता. माणूस गेला म्हणून बांगड्या फुटल्या, बांगड्या फुटल्या म्हणून कुठं माणूस गेला?

"द्या ती पक्कड," ती म्हणाली. "माजा नवरा भरल्या बांगड्यांच्या बायकूला सोडून गेला. काचंनं त्याला धरून ठिवला न्हाई. तर ह्या फुटल्यानं कैलास कसा जाईल? पोरी, हात दे."

कापडात धरून एकेक बांगडी तिनं वाढवली. कच्‌, कच्‌ असा आवाज होत होता. शेवटच्या बांगडीखाली मांसात खोल वळ उठला होता. कैलासनं डोळे गच्च मिटले होते. सगळ्या निघाल्या तरी तो उभाच होता, हे त्याला जरा वेळानं कळलं. हात उशीवर उंच ठेवला, सलाईन लावलं. चिमट्यावरच्या रेघा थरथरल्या आणि तिथं आकडा उमटला.

"आला," डॉक्टर आशालता म्हणाल्या. "थोडा वेळ मिळाला, तेवढाच. ती आवळणारी कातडी इथं चिरून मोकळी करावी लागेल. खाट राखून ठेवलीय, शस्त्रक्रियेची खोली तयार करतेय. गाडी सोडा."

*

रुग्णवाहिका दारात लागते न लागते तोच शेखरची गाडी येऊन थडकली. मागून भैरू, लंगडत. चोराच्या उलट्या बोंबा त्या याच.

"पेशंट पळवला!" शेखर मोबाइलमध्ये ओरडत होता. "बघा भक्तहो, उपचार चालू असताना पळवला! सवाष्णीच्या बांगड्या फोडल्या! ह्ये डॉक्टर नव्हं, कसाई हायेत!"

"म्याडम," भैरूनं आवाजात मध आणला, "आपुन वादात पडत न्हाई. पर माज्याकडून आग उतरवून गेलेला एकबी मानूस परत आला न्हाई. बरा झाला, म्हनूनच ना?"

रेश्माबाईंनी टॅब त्याच्याकडं वळवला. "डॉक्टर, हा म्हणतोय, एकही परत आला नाही."

डॉक्टर आशालतांनी चष्मा नीट केला. "त्याच्याकडे कशाला जातील? ते आम्हा डॉक्टरांकडे आले. नावं सांगणार नाही, पेशंटची नावं सांगायची नसतात. पण तालुक्यातल्या केंद्रांतून आणि दवाखान्यांतून भाजलेल्यांची माहिती आता एकाच ठिकाणी जमा होते, म्हणून दिसलं. वेगवेगळ्या दवाखान्यांत गेलेले लोक, प्रत्येक डॉक्टरला वाटायचं आपल्याकडे एकच असा आलाय. एकत्र ठेवल्यावर सगळे ठिपके तुमच्याच मंडपाभोवती निघाले. सगळ्यांच्या अंगावर राख, सगळ्यांना टाचणीची भोकं, आणि सगळे उशिरा. एकाचा पाय काढावा लागला. एका कारखान्यातल्या मुलाची तीन बोटं गेली. त्यानं सांगितलं, त्याचा व्हिडिओ तुम्ही अजून लावता."

शेखरच्या पडद्यावर जोरात वाहणारे जयजयकाराचे शब्द एकाएकी थांबले. कुणीतरी तिथं लिहिलं, तो पोरगा आमचा आहे. मग दुसऱ्यानं काही लिहिलं. शेखरनं मोबाइल बंद केला, पण आता फार उशीर झाला होता.

"माजी शक्ती..." भैरू म्हणू लागला.

"तुझी शक्ती मी सांगते," रेश्माबाई म्हणाल्या. "राठ तळवे, पुदिन्याचा अर्क, आणि मेलेल्या कातडीत टाचणी. चौथी शक्ती या लोकांची, विचार न करण्याची. ती तुझ्याकडं सगळ्यात मोठी. अमोल, पौडच्या पोलीस ठाण्यात जायचंय. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे आपल्याकडं, वापरायचा कुणी?"

"मी येतो," कैलास म्हणाला.

"तू बायकोबरोबर जा," बाळाबाई म्हणाली. "मी जाते. तोंड हाय मला."

*

प्राजक्ताचा हात वाचला. सगळा नाही. मांडीची कातडी काढून हातावर लावली, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नाहीत ते नाहीतच. कैलासनं डॉक्टर आशालतांना एकदाच विचारलं, पाणी ओतलं असतं तर? त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "जखम एवढी खोल गेली नसती. वेळेवर आली असती तर बोटंही बहुतेक वाचली असती." कैलास बाहेर पायरीवर जाऊन बसला. त्या सकाळी घमेलं त्याच्या हातात होतं, भरलेलं.

भैरूला जामीन मिळाला. मिळतोच. मंडप मोडला, पण मंडपात बसलेली डोकी घरोघर शाबूत होती, आणि बाळाबाईला खरी चीड त्यांची होती. भाताची रोपं उगवली, हिरवीगार, तेव्हा रेश्माबाईंनी शाळेत सभा बोलावली. दुसऱ्या एका शेतात राबाच्या आगीवर पाणी पडलं होतं, तिथलीही रोपं तशीच हिरवी होती. चंद्राबाई ती बघून आली होती आणि मागच्या बाकावर खाली मान घालून बसली होती.

कुणीतरी उठून विचारलं, "पर म्याडम, देवाधर्मावर श्रद्धा ठेवायचीच न्हाई का मग?"

रेश्माबाईंनी तोंड उघडायच्या आत बाळाबाई उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"ठेव की बाबा, कोण नगं म्हनतं? सकाळी ठेव, संध्याकाळी ठेव. पर अंग भाजलं की पयलं पाणी. मी म्हनते म्हनून न्हाई, म्याडम म्हनतात म्हनूनबी न्हाई. विचारा, बघा, पडताळा, मग माना. बांगड्या, आंगठ्या काढा, धुतलेलं कापड टाका आन दवाखाना गाठा. आन ध्यानात ठेवा, इतकं भाजून मानूस म्हनाला, 'आता दुखत न्हाई', तर नारळ फोडू नगा. गाडी काढा."